बसलेला धसका

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, न्हावी. दोन खुर्च्यांचं दुकान आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. गालाला साबण लागला की गिऱ्हाइकाला बोलता येत नाही, हे हेरून ते नेमकं तेव्हाच राजकारण काढायचे.

एका सकाळी दुकानासमोर ट्रकचा टायर फुटला आणि दर्शनी काच खळ्ळकन खाली आली. वस्तरा तेव्हा माझ्या गळ्यावर होता. मला जेमतेम ओरखडा आला, पण भावजींचा हात गेला तो गेलाच. कात्री चालायची. वस्तरा उघडला की बोटं लटपटायची, घाम फुटायचा. कुकरची शिट्टी झाली तरी ते ताटावरून उठायचे. बडबडही बंद झाली. वस्तरा कायमचा सुटतो की काय, याची आम्हाला धास्ती लागली.

नातेवाइकांनी निदान करून टाकलं, "एवढ्याशा गोष्टीचा धसका घेतला." भावजी समुपदेशक बाईंकडे जायला लागले तेव्हा तर सगळे हसले. असल्या ठिकाणी लोक चोरून जातात. भावजी दुकानावर 'समुपदेशनाला गेलोय' अशी पाटी लावून जायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा.

पहिल्याच भेटीत बाई म्हणाल्या, "धसका तुम्ही घेतला नाहीत, तो बसलाय. शरीराला वाटतंय, काच अजून फुटतेच आहे."

"बसलाय तर उठवू," भावजी म्हणाले. "खुर्ची रिकामी करून घेणं हाच आमचा धंदा."

मग बाईंच्या सल्ल्यानं घरात फुगे आले. फुग्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्यानं अलगद उतरवायचा. दाढी शिकताना हात असाच बसवतात. फुगा फुटला की भावजी भिंतीला टेकायचे, सावकाश श्वास घ्यायचे, बाईंनी शिकवल्याप्रमाणे समोर दिसेल त्याचं नाव घ्यायचे. "कपाट. खिडकी. तुझी ताई, वैतागलेली." मग पुढचा फुगा. ताई कानात कापसाचे बोळे घालून स्वयंपाक करायची.

काल मी आपणहून खुर्चीत बसलो. वस्तरा गळ्याशी आला आणि शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन आपटलं.

वस्तरा झटकन वर, हवेत गेला. आरशात भावजींचा चेहरा पांढराफटक दिसला.

"दचकलो," ते म्हणाले. "आरसा. पंखा. तू."

एक लांब श्वास घेऊन त्यांनी वस्तरा पुन्हा माझ्या गळ्याला लावला. हात स्थिर होता.

"बरं, या निवडणुकीबद्दल तुझं काय म्हणणं आहे?"

मला सांगायचं पुष्कळ होतं, पण तोंडाभोवती साबण होता आणि डोळे भरून आले होते.