मावशींचं रविवारचं कोर्ट

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यातली निम्मी भांडणं माझ्या बायकोची मावशी मिटवते आणि उरलेली निम्मी तीच लावून देते, असं माझं फार दिवसांचं ठाम मत आहे. एकदा मी ते मावशींना बोलूनही दाखवलं. त्यांना अजिबात राग आला नाही. "जावईबापू, मी लावते ती भांडणं आधीपासून असतातच. फक्त तोवर एकच बाजू भांडत असते," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटातली शेवटची कोथिंबीरवडी उचलून त्यांनी तोंडात टाकली.

मावशी वकील आहेत हे त्यांच्याकडे बघून कोणालाही पटत नाही. उमेदीची वर्षं त्यांनी बालवाडीत शिकवण्यात घालवली. चाळिशी उलटल्यावर एकाएकी कायद्याचा अभ्यास सुरू केला, सनद मिळवली आणि गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या एका लहानशा संस्थेत जाऊन बसल्या. संस्था म्हणजे उल्हासनगरातल्या एका कापडदुकानाच्या जिन्याखालची जागा, दोन बाकं आणि मावशी. बालवाडी मात्र त्यांच्या अंगातून गेली नाही ती नाहीच. पक्षकार मध्येच बोलायला लागला की "हाताची घडी" असा हुकूम सुटतो आणि एमआयडीसीत ड्रम ढकलणारे दांडगे पुरुष मुकाट्यानं हाताची घडी घालून बसतात. कसल्याशा चौकशीला आलेल्या एका हवालदारानंही घातली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्यांनी जिन्याखालची जागा दिली ते दुकानाचे सिंधी शेठ. दुकानात कोणी पडलेल्या चेहऱ्यानं आलं की शेठ कापड दाखवायचं सोडून आत बोट दाखवतात. "जाओ, मावशी के पास जाओ. पहले डाँटेगी, फिर काम करेगी. पैसा दोनों का नहीं लेती."

मावशींना घर आणि कोर्ट यांतला फरक कळत नाही, की कळूनही त्या तो मानत नाहीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून प्लॅस्टिकची फाइल दिली. आत लग्नाच्या नोंदणीचा कोरा अर्ज, सोबत दोन टाचण्या. बरं, देऊन गप्प बसावं ना! नवरदेव लाजत लाजत उखाणा घेत होता. मावशींनी तो संपू दिला, टाळ्याही वाजवल्या, आणि मग भर पंगतीत विचारलं, "फ्लॅटच्या कागदावर दोघांचं नाव आहे ना?" विहीणबाईंचा घास हातातच राहिला. माझा भाऊ त्यानंतर बरेच दिवस आमच्याशी तुटकपणे बोलत होता. पुढं फ्लॅटवर नाव लागलं तेव्हा पुतणी परस्पर बदलापूरला जाऊन मावशींना पेढे देऊन आली. आम्हाला त्यातला एकही मिळाला नाही.

शेअर रिक्षात बसल्या तरी तेच. शेजारची बाई फोनवर रडत असली की मावशी फोन संपायची वाट पाहतात आणि विचारतात, "कामावरून काढलं की घरातून?" मग पुढचा सगळा रस्ता सल्ला. एकदा रिक्षा आमच्या दारात आली तरी कोणी उतरेना, म्हणून मी खाली गेलो. मावशी मागच्या सीटवरून रिक्षावाल्याला त्याच्या मेहुण्याच्या जामिनाबद्दल समजावत होत्या, आणि बाकीचे दोन प्रवासी, ज्यांचं उतरायचं ठिकाण केव्हाच मागे पडलं होतं, ते मन लावून ऐकत होते. मीही थोडा वेळ उभा राहून ऐकलं. जामिनाचं मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

मावशी राहतात बदलापूरला, काम करतात उल्हासनगरला आणि आम्ही मधोमध, अंबरनाथला. हा भूगोल माझ्या मुळावर आला. मावशींच्या मते गरीब माणूस कोर्टात खोटेपणामुळे हरत नाही, तो घाबरल्यामुळे हरतो. म्हणून साक्षीआधी त्या प्रत्येकाची तालीम घेतात. जिन्याखाली जागा पुरत नाही, तेव्हा रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीचं कोर्ट होतं. वेताची खुर्ची उलटी फिरवली की साक्षीदाराचा पिंजरा तयार. समोरच्या बाजूचा वकील स्वतः मावशी होतात आणि इतक्या दुष्टपणे होतात की त्यांच्याच अशिलांना घाम फुटतो. माझी बायको पट्टेवाली. ती नावाचा असा काही पुकारा करते की खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येऊन वर बघतात.

आणि न्यायाधीश मी. माझा जन्म केमिकल कंपनीत शिफ्टी लावण्यात गेला, कायद्याशी संबंध शून्य. "मीच का?" असं मी विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, "तुमचा चेहरा अगदी कोर्टासारखा आहे. आत काय चाललंय ते वरून काही कळत नाही." ही स्तुती समजायची की काय, हे बायकोला विचारलं तर ती नुसती हसत सुटली. पहिल्याच रविवारी एका म्हातारबाची हकिगत ऐकून मला राहवलं नाही आणि मी मध्येच निकाल देऊन टाकला, की आजोबा, घर तुमचंच. मावशी भडकल्या. "दयाळू न्यायाधीशापुढं तालीम करून काय उपयोग? जरा कंटाळल्यासारखं बसा. जांभई द्या." तेव्हापासून मी जांभया देतो. रविवारी दुपारच्या जेवणानंतर त्या आपोआपच येतात.

वनिता आमच्याकडे आली ती अशाच एका रविवारी. पालेगावातल्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत तिचा थोरला दीर, मागच्या खोलीत ती. नवरा वारल्यावर ती उल्हासनगरला पापड लाटायला जायची. दोन दिवस माहेरी, मुरबाडकडे जाऊन आली तर खोलीला दिराचं टाळं. "इथं राहतच नव्हतीस, आता तिकडंच राहा," असं त्यानं सांगितलं. आजूबाजूला इमारती उठत होत्या, घराला भाव आला होता, उघड होतं. वनिता पापडाच्या कारखान्यातल्या मैत्रिणीकडे निजत होती आणि ती मागची खोली सोडली तर तिला जगात दुसरी जागा नव्हती. साक्ष देऊन 'मी इथंच राहत होते' एवढं म्हणायचं होतं. तेवढंच तिला म्हणता येईना. दिरासमोर तिनं उभ्या जन्मात तोंड वर केलं नव्हतं.

मावशींनी माझा कोट मागितला. निवृत्तीच्या समारंभात घातलेला तो एकमेव कोट त्यांनी एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर चढवला आणि म्हणाल्या, "वनिता, हा तुझा दीर." वनितानं कोटाकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. पहिले दोन रविवार ती फरशीशी बोलली. मावशी उलटतपासणीत ओरडायच्या, मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या आणि परत येऊन पुन्हा ओरडायच्या. हळूहळू पदर मागे सरकला. एका रविवारी वनितानं कोटाकडे बोट करून सांगितलं, "भाऊजी, माझी चूल तिथंच हाय. तुम्ही खोटं बोलता." मी त्या दिवशी जांभई द्यायची विसरलो.

साक्षीच्या दिवशी आम्ही दोघंही कोर्टात गेलो. दीर मागच्या बाकावर बसला होता. वनिता पिंजऱ्यात उभी राहिली आणि गोठलीच. समोरच्या वकिलांनी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. माझ्या शेजारी बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता. तेवढ्यात वनिताची नजर कोपऱ्यात गेली. वीज गेलेली, उकाडा मरणाचा, म्हणून कुणा वकिलानं आपला काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. वनितानं त्या कोटाकडे वळून बोलायला सुरुवात केली आणि चूल, मोरी, गळणारं छप्पर, नवऱ्याचं आजारपण, सगळं घडाघडा सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, "बाई, इकडे बघून बोला." वनिता म्हणाली, "साहेब, मला तिकडं बघूनच जमतं." न्यायाधीशांनी एकदा कोटाकडे, एकदा मावशींकडे पाहिलं. मावशी छताकडे बघत होत्या. "बोला," न्यायाधीश म्हणाले. वनिताला खोलीतून कोणी हलवायचं नाही, असा हुकूम पुढं यथावकाश झाला आणि टाळं निघालं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण पावसाळा सरल्यावर एक दिवस तो दीर मावशींच्या जिन्याखाली येऊन उभा राहिला. बिल्डरच्या माणसांनी त्याच्या कसल्याशा कागदांवर सह्या घेतल्या होत्या. त्यानं त्या न वाचताच केल्या होत्या. आता ते म्हणत होते, पुढची खोली मोकळी कर. मी असतो तर त्याला 'चालता हो' म्हटलं असतं. मावशी म्हणाल्या, "हाताची घडी." मग सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आधी वनिताला विचारते. ती नको म्हणाली तर मी नाही."

वनिता पापड लाटत होती. तिनं लाटणं न थांबवता थोडा विचार केला. "घ्या मावशी," ती म्हणाली. "भिंत एकच हाय आमची. त्यांची पडली तर माझी कुठं उभी राहायची?"

तर परवाच्या रविवारी वेताच्या उलट्या खुर्चीवर तो दीर बसला होता. एमआयडीसीत वॉचमनकी केलेला, भरदार मिशांचा माणूस. मावशी बिल्डरच्या वकील झाल्या आणि पहिल्याच प्रश्नाला त्याची मान जी खाली गेली ती वर येईना. मी माझ्या जागी, चेहरा कोर्टासारखा करून. वनिता बायकोला चहाला मदत करायला म्हणून आली होती. ती हातातला ट्रे तसाच घेऊन दारात थांबली, मग ट्रे खाली ठेवून पुढं आली.

"भाऊजी, मान वर करा," ती म्हणाली. "हळू बोला, चालतंय. पण बोला. मी हाय हितं."

त्यानं मान वर केली. डोळे भरलेले होते. "मी चुकलो गं," एवढंच तो म्हणाला, आणि ते काही मावशींच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मावशींनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. सोफ्यावर बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तालमीच्या मध्ये बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्या किती थकल्या आहेत हेही मला त्या दिवशीच दिसलं. खटल्याचं काय होईल ते मावशींनाही सांगता येत नाही, सह्या वाईट आहेत म्हणतात. पण त्या दुपारी वनितानं ट्रे उचलला आणि चहाचा पहिला कप दिराला दिला. शेवटी मावशी माझ्याकडे बघून बारीक आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, एक दिवस दयाळू झालात तरी चालेल."