पक्क्या रंगाचे पोपडे

पोलादपूरच्या कुशाबा पेंटरला एकाच गोष्टीचा ताठा होता. त्याने रंगवलेल्या पाटीचा रंग उडत नाही. महाडपासून आंबेनळी घाटापर्यंत किराणा, सलून, पतसंस्था, सगळीकडे त्याचंच अक्षर. जाड-बारीक वळण आणि प्रत्येक कान्याच्या टोकाला नेटकी टाच. कुठे टवका उडालाच, तर मालकाच्या आधी कुशाबाला कळायचं आणि तो बोलावण्याची वाट न बघता डबा-ब्रश घेऊन शिडीवर चढायचा.

अशा माणसाकडे पाचाडचा ऋत्विक आला. मुंबईची नोकरी सोडून त्याने गडाच्या पायथ्याशी ‘भाकरघर’ नावाची खानावळ काढली होती. त्याने मोबाइलवर एक अक्षर दाखवलं. वळण थेट कुशाबाचंच, पण कडा कुरतडलेल्या, अंगभर भेगा, जागोजागी पोपडे निघालेले.

“काका, सेम असा विंटेज लूक पायजे. शंभर वर्षं जुना.”

“हाटेल कवा उघडलंस?”

“परवा.”

कुशाबाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नाही म्हणावं, तर पोरगा मुंबईहून छापील फलक आणणार, आणि आपल्या मुलखात असलं परकं अक्षर टांगलेलं कुशाबाला सोसलं नसतं. त्याने ‘भाकरघर’ झकास रंगवलं, वाळवलं आणि अक्षरं खरवडायला पॉलिशपेपर हातात घेतला. त्या ‘भ’वर हात चालेना. शेवटी त्याने पॉलिशपेपर फेकला आणि बारीक ब्रशने एकेक भेग रंगवायला घेतली. प्रत्येक पोपड्याला दोन हात, वर वार्निश.

त्याची बायको आनंदीबाई चहा घेऊन आली ती बघतच राहिली.

“अवो, जल्म गेला पोपडं बुजवण्यात, आन् आता पोपडं पक्कं करताय?”

“माझं पोपडं हायत गो. उडायचं नायत.”

पाटी लागली. गडावर जाणारी मंडळी तिच्याखाली फोटो काढू लागली. कुशाबा मधूनमधून पाचाडला जाऊन पोपडे शाबूत आहेत ना, ते बघून यायचा.

एक दिवस पेंढ्याने भरलेला टेम्पो पाटीला घासून गेला. ‘घ’च्या पोटातला रंग उडून पत्रा उघडा पडला. कुशाबा धावत आला, तर ऋत्विक खूश.

“काका, हा टवका बघा! हाच काय तो खरा वाटतो. बाकीचे जरा रंगवल्यासारखे दिसतात.”

कुशाबाला हे फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या कामाला दुसरा नंबर दिला होता, तोही टेम्पोच्या खाली. तो शिडीवर चढला आणि जेवणाऱ्यांच्या देखत टवका बुजवून टाकला.

“काका, अहो तोच तर भारी आला होता!”

“त्यो माझा नाय.”

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर कुशाबा परत आला. त्याच जागी, त्याच मापाचा टवका त्याने ब्रशने रंगवला, वार्निश दिलं आणि खाली उतरला.

“आता ह्यो खरा,” तो म्हणाला.