मामाची कादंबरी आणि उंटाची आई

आमचा मामा सैन्यात वायरलेसवर होता. निवृत्त झाल्यावर त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तिथेच गिऱ्हाइकं नसताना युद्धावर एक थरारक कादंबरी लिहिली. घरात कुणी तिला भीक घातली नाही. मामी म्हणायची, "लोकांचे रेडिओ बोलते होईनात, आणि हे निघालेत शत्रूला हरवायला!"

कादंबरीत वायरलेसवर गप्प राहायचा हुकूम असतो, कारण एक शब्द बोललं तरी शत्रूला ठिकाण कळतं. तेवढ्यात वाट चुकलेला एक मित्र हाका मारू लागतो. नायक हुकूम मोडून त्याला वाट सांगतो. मित्र नदी पोहून निसटतो आणि परक्या मुलखात नाव बदलून राहतो. प्रकाशक पडला दीडशहाणा. त्याने मुखपृष्ठावर ठोकून दिलं, 'लेखकाने स्वतः जगलेली कथा'. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

एका दुपारी दुकानात एक म्हातारी आली. मामाच्या तुकडीतल्या उंटाची आई. ताडमाड उंच म्हणून सगळे त्याला उंट म्हणायचे. तो लढाईत बेपत्ता झाला, देह कधी मिळालाच नाही. पुस्तकात नाव वेगळं होतं, पण बोलण्याआधी दोनदा खाकरणारा तो मित्र तिने बरोबर ओळखला होता. पिशवीत नवा विणलेला स्वेटर होता.

"नाव काय लावतो रे आता?" तिने विचारलं. "मी रागावले नाही. एवढी वर्षं आला नाही, असेल काही अडचण. तू फक्त पत्ता दे."

मी शेजारीच बसले होते. मला वाटलं, द्यावा कुठला तरी खोटा पत्ता. मामाने तिला स्टुलावर बसवलं.

"आई, ते मी रचलंय. तो नदीपर्यंत पोचलाच नाही. हाका मारत होता, मी ऐकत होतो. बोललो असतो तर सगळी तुकडी गेली असती."

"म्हणजे तू बोललाच नाहीस?"

"नाही."

"पुस्तकात तर किती छान बोललायस रे," ती म्हणाली.

मामा लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. जिच्यासाठी मुलगा आत्ता, त्या स्टुलावर बसल्या बसल्या गेला होता, तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.