राहीबाईच्या तबकाची पाठ

केरबा मेसवाला पंगतीला बसला की आधी ताट उचलून त्याची पाठ बघायचा. वाढपी भाताचं पातेलं धरून ताटकळतोय, मागची पंगत खोळंबलीय, आणि हा गृहस्थ ताटाच्या पाठीवर अंगठा फिरवत बसलाय. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी सांगलीकडचा जैन, जेवण दिवे लागायच्या आत उरकायची सवय. वाईजवळच्या त्या गावात मास्तर म्हणून आलो आणि पहिल्याच लग्नात नेमका याच्या शेजारी बसलो.

केरबानं वीस वर्षं पलटणीच्या मेसमध्ये साहेबलोकांची भांडी घासली होती. अक्षरशत्रू माणूस, पण भांड्याच्या पाठीवरचे छाप बघून ते कुठल्या कारखान्याचं, केव्हाचं, अस्सल चांदीचं की नुसतं चांदीचं पाणी दिलेलं, हे तो सांगायचा. गोव्याच्या एका म्हाताऱ्या बटलरनं त्याला ते शिकवलं होतं. गावाला या विद्येचा काडीचा उपयोग नव्हता. चांदीचं पाणी दिलेलं भांडं अख्ख्या गावात एकच, ते म्हणजे राहीबाईचं तबक. तिचा नवरा नाथाजी पहिल्या महायुद्धावरून परतला तेव्हा त्याच्या साहेबानं ते दिलेलं. नाथाजी गेला, तबक राहिलं.

सेहेचाळीस सालच्या हिवाळ्यात पाचगणीच्या एका साहेबाच्या बंगल्यात चोरी झाली. राहीबाईचा एकुलता एक मुलगा अर्जुना तिथं माळी होता. फौजदारानं घराची झडती घेतली, तबक हाती लागलं आणि अर्जुनाला बेड्या पडल्या. साहेबाकडे तबकांची जोडी होती, एकतीस साली त्याच्या लग्नात आलेली. त्यातलं एक चोरीला गेलं होतं, उरलेलं घेऊन तो स्वतः चावडीवर आला. माप तेच, काठाची वेलबुट्टीही तीच. गावानं परोपरीनं सांगितलं, हे तबक आम्ही पंचवीस वर्षं बघतोय. फौजदार म्हणाला, "गाव गावाच्याच बाजूनं बोलणार. दुपारच्या मोटारीनं याला साताऱ्याला नेतो."

केरबा पुढं झाला. त्यानं राहीबाईचं तबक उलटं केलं आणि त्याचा चेहराच उतरला. पाठीवर छाप नव्हता. तिथं होती जाडजूड कल्हई.

"वयनी, ह्ये काय केलंसा?"

"आवं भावजी, राख-चिंचेनं घासून घासून त्येचा रंगच उडाला. मग बाकीच्या भांड्यांसंगं दिलं कल्हईवाल्याला. लय वर्सं झाली त्येला. भांड्याला कल्हई नको व्हय?"

चांदीच्या पाण्यावर कल्हई! मी कपाळाला हात लावला. केरबानं मात्र पाठीवर अंगठा दाबून फिरवला, कल्हईखाली काहीतरी खडबडीत लागलं आणि त्याचे डोळे चमकले. "छाप हाय. कल्हईच्या खाली हाय. मास्तर, लोहाराचा भाता आणा."

"पुराव्याला हात लावायचा नाही," फौजदार ओरडला. साहेबाला मराठी चांगलं समजायचं. तो म्हणाला, "करू दे त्याला."

मी धावलो. शाळेची घंटा कुणी दिली नाही, पोरं आपोआप सुटली, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. चावडीपुढं निखारे फुलले. मी, गावचा मास्तर, धोतर खोचून भाता मारत होतो, आणि खरं सांगतो, आयुष्यात इतकं जीव तोडून मी दुसरं काही केलेलं नाही. केरबानं सांडशीत तबक धरलं. कल्हई पाण्यासारखी लकाकली. त्यानं कापसाच्या बोळ्यानं ती पुसली. काही नाही. पुन्हा तापवलं, पुन्हा पुसलं. एका कोपऱ्यात काहीतरी उमटलं.

"घंटा," केरबा म्हणाला. "कारखान्याची खूण."

साहेबानं आपलं तबक उलटं केलं. त्यावरही घंटाच.

फौजदारानं मिशीवरून हात फिरवला. मी भाता मारायचा थांबलो.

"मास्तर, थांबू नगा," केरबा माझ्यावर खेकसला. "मारा भाता."

घंटेशेजारी चार इंग्रजी अक्षरं दिसली. मी वाचली. तीही दोन्हीकडे सारखीच. केरबा पुसतच होता. मग अक्षरांच्या पलीकडे, नखाएवढा, मुकुट दिसला.

केरबानं साहेबाचं तबक ओढून घेतलं आणि दोन्हींच्या पाठी शेजारी शेजारी ठेवल्या. साहेबाच्या तबकावर मुकुट नव्हता.

"बघा साहेब. कारखाना एकच, नक्षी बी जुनीच चालू ठिवली त्येनी. पर मुकुट हाय तो म्हाताऱ्या राणीच्या येळचा. खऱ्या चांदीवर बी मुकुटाचा छाप असायचा, लोक फसाय लागलं म्हून फुडं पाणी दिल्याल्या भांड्यांवर त्येला बंदी आली. ह्ये तबक तुमच्या लग्नाच्या आदी कमीत कमी पस्तीस वर्सं घडलंय."

साहेबानं भिंग काढलं. त्यानं एकदा हे बघितलं, एकदा ते बघितलं, आणि म्हणाला, "बरोबर आहे. मीही ऐकलंय हे. तुला कसं माहीत?"

"तुमी वरच्या अंगानं जेवला साहेब. पाठ आमीच बघितली."

साहेब फौजदाराकडे वळला. "हे माझं नाही. सोडा त्याला."

बेड्या निघाल्या. मला नाचावंसं वाटत होतं, आणि मी थोडासा नाचलोही, आता लपवण्यात काय अर्थ आहे? केरबा राहीबाईला सांगत होता, "कल्हई केलीसा त्ये बरं झालं वयनी. न्हाईतर तुमच्या राखंनं ह्यो छाप कवाच खाल्ला असता."

अर्जुना धावत आला आणि केरबाचे दोन्ही हात धरून कपाळाला लावू लागला. केरबा कळवळून मागं सरला. तेव्हा कुठं आम्ही त्याच्या हातांकडे बघितलं. बोळा केव्हाच जळून गेला होता आणि शेवटी त्यानं सांडशी टाकून एका हातानं तापलेलं तबक धरलं होतं आणि दुसऱ्या हाताच्या उघड्या बोटांनी कल्हई पुसली होती. दहाही बोटांना टरारून फोड आले होते. तोही त्यांच्याकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाची बोटं होती.

सकाळपासून राहीबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिनं पदर भिजवला, ते हात त्यात घेतले आणि मग ती रडली.