गावानं दिलेलं दार

लग्न होऊन मी मनमाडहून नाशिकला आले, तेव्हा आमच्या वसाहतीत कुणाची कुणाशी ओळख नव्हती. सगळे नोकरीसाठी कुठून कुठून आलेले. नळावर गाठ पडली तर 'पाणी आलं का' एवढंच बोलणं. मग विहार बांधायचं ठरलं आणि रविवारी आम्ही बायकाही घमेली उचलू लागलो.

भिंती छतापर्यंत आल्या आणि वाद लागला. दारावरच्या फरशीवर नाव कुणाचं? जागा देणाऱ्या गृहस्थांना स्वतःच्या वडिलांचं हवं होतं, इतरांना ते पटेना. काम थांबलं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही पांडवलेण्यांवर गेलो. वसाहतीतल्या एका निवृत्त गुरुजींना ब्राह्मी थोडीफार वाचता यायची. चैत्याच्या दारावरच्या कमानीतली अक्षरं दाखवत ते म्हणाले, "हे दार एका गावानं दिलंय. इथं माणसाचं नाव नाही, गावाचं आहे."

"आख्ख्या गावानं?" माझी सिन्नरची शेजारीण म्हणाली. "मग यांच्यात भांडणं झाली नसतील का, गुरुजी?"

"झाली असतील. ती काही कोरून ठेवलेली नाहीत."

मी बराच वेळ वर बघत राहिले. कोरणाऱ्यांना भाकरी कोण पोचवत असेल? डोंगरावर पाणी कोण चढवत असेल? आणि हे दार होण्याआधी ती माणसं स्वतःला एक गाव म्हणत होती का, की दगड फोडता फोडता म्हणायला लागली?

पुढच्या बैठकीत शेजारीण उठून म्हणाली, "कुणाचंच नाव नको. आपल्या कॉलनीचं घाला."

"कॉलनीला नाव कुठाय?" कुणीतरी विचारलं.

खरंच नव्हतं. लोक आम्हाला 'खाणीमागचे' म्हणत. मग नावावरून वेगळीच चर्चा रंगली. आजवर तोंड न उघडलेल्या बायकाही बोलल्या. अखेर एक नाव ठरलं, फरशी बसली.

जागा देणारे गृहस्थ उद्‌घाटनाला आले नाहीत. आम्हाला ते लागलं. पुढं कधीतरी बसस्टँडवर ते रांगेत माझ्या पुढं उभे होते. कुणीतरी त्यांना विचारलं, "राहायला कुठं?" त्यांनी कॉलनीचं ते नवं नाव सांगितलं, आणि समोरच्याला कळेना तेव्हा म्हणाले, "आमचा विहार आहे ना, त्याच्या शेजारी."