“औषध? काहीच घेत नाही,” म्हणाली ती

मंडळी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहितेय.

बेंगळुरूला कोरमंगलाच्या पीजीत प्राजक्ता माझी रूममेट आहे, मिरजेची. गेले काही महिने तिला काही पचतच नव्हतं. दोन घास खाल्ले की पोट फुगायचं. मग जेवणानंतर एन्झाइमचं सिरप आणि ऑनलाइन मागवलेल्या जडीबुटीच्या गोळ्या सुरू झाल्या. फरक पडेना, तशी ती गोळ्या वाढवत गेली.

आज सकाळी आरशासमोरून तिनं हाक मारली, “अगं, माझे डोळे पिवळे दिसतायत का?”

दिसत होते. तिला तशीच ऑटोत घालून इथे आणलं.

डॉक्टरांनी विचारलं, “कुठली औषधं चालू आहेत?”

“काहीच नाही,” ती म्हणाली.

खोटं बोलत नव्हती हो ती. त्या गोळ्यांना ती औषध समजतच नव्हती. शेवटी मीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हरला भयंकर सूज आहे, बहुतेक त्या गोळ्यांनीच. दुपारपासून ती असंबद्ध बोलायला लागली. आता आयसीयूत आहे. लिव्हर बदलावं लागेल का, ते अजून कुणी सांगत नाही.

मघाशी तिच्या आईचा बसमधून फोन आला. “जेवण जातंय ना गं तिला?”

मी “हो” म्हटलं.

तुमच्या घरी पचनासाठी कोण काय घेतंय? ते डॉक्टरांना सांगितलंय का कुणी?