सरड्याच्या उशाशी दिवा

एका धडधाकट सरड्याला मी नुसत्या मायेने मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते, म्हणजे तशी कोवळीच. आता शहात्तरची झाल्यावर त्या पोरसवदा बाईकडे मागे वळून बघते आणि वाटतं, काय हा तोरा! घरातली एवढी बाळंतपणं काढली, कुणाला थंडी वाजतेय हे मला काय कुणी शिकवायचं?

टार्निटला, कांगारूंच्या देशात, लेकीकडे मी उन्हाळ्यापुरती आले होते. साथीमुळे विमानं बंद झाली आणि उन्हाळ्याचा हिवाळा झाला. इथला हिवाळा जून-जुलैत येतो, आणि घरं नवी कोरी असली तरी भिंती पापडासारख्या. जावई कामासाठी पर्थला गेलेला, तो राज्याची हद्द बंद झाल्याने तिकडेच अडकला. लेक हॉस्पिटलमध्ये नर्स. नात तिसरीत, तिची शाळा लॅपटॉपवर. आणि चौथा मेंबर हा सरडा.

पुण्याला बहिणीला फोनवर सांगितलं तर तिने लगेच विचारलं, रंग बदलतो का? म्हटलं, तो रंग बदलणारा, लांब जीभ फेकणारा कॅमेलिऑन या देशात घरी पाळायला बंदी आहे. हा इथलाच, वाळवंटातला, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला, सरकारचं लायसन्स काढून आणलेला. थोडाफार रंग यालाही बदलता येतो. घाबरला किंवा आजारी पडला की दाढी काळी पडते. पुढच्या खोलीत त्याची काचेची पेटी. वर एक ऊन देणारा दिवा, शेजारी एक लांब ट्यूब, कोपऱ्यात तापमापक. खाणं म्हणजे भोपळ्याचा कीस, कोथिंबीर आणि जिवंत रातकिडे. मी, जिने जन्मात अंडं फोडलं नाही, ती डब्यातून चिमट्याने रातकिडे काढून भरवायला शिकले होते. एवढी प्रगती झाल्यावर माणसाला आपण सगळं जाणतो असं वाटू लागतं, त्यात नवल नाही.

मग लेकीच्या वॉर्डातला एक पेशंट पॉझिटिव्ह निघाला. तिला घरातच वेगळं राहायला सांगितलं. तिची खोली रस्त्याच्या बाजूला, बाथरूम आतच. ती आत गेली, दार लागलं, आणि आम्ही दाराबाहेर ताट ठेवून मागे सरकायला लागलो. नात ताट ठेवून आली की रडायची नाही. सरळ पेटीकडे जायची, सरड्याला काढून छातीवर चिकटवायची आणि त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसायची. मैत्रिणी स्क्रीनवर, बाबा स्क्रीनवर, आई दारामागे. हात लावता येईल असे घरात मी आणि तो, दोघंच उरलो होतो.

लेकीने भिंतीपलीकडून फोन करून मला सगळं समजावलं. संध्याकाळी सातला टायमरने दोन्ही दिवे बंद होतात, होऊ द्यायचे. नंतर तिथे अजिबात उजेड नको. खोलीचं हीटिंग अठरावर ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही. रात्री त्याचं अंग गार पडणारच, पडायलाच हवं, वाळवंटात रात्री थंडीच असते. मी हो म्हटलं. माझं हो म्हणजे काय असतं, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

त्या रात्री पाणी प्यायला उठले आणि सहज पेटीत हात घातला. तो फ्रिजमधल्या वांग्यासारखा लागला. गार, टणक, निश्चल. पोरीची आई कोंडलेली, आणि पोरीचं हे एवढंसं काहीतरी माझ्या राखणीत मेलं तर तिला सकाळी काय तोंड दाखवू? काळजीने अक्कल पळाली आणि तिच्या जागी सासूबाई आल्या. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर दिवा ठेवायचा, तो विझू द्यायचा नाही, आणि बाळाचे हातपाय गार लागले की शेक द्यायचा. मी दिव्याची वायर टायमरमधून काढली, थेट भिंतीत खोचली आणि बटण दाबलं. पिवळाधमक उजेड पडला. थोड्या वेळाने त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दुवा देतोय. आज कळतं, तो शिव्या घालत होता.

मग ते रोजचंच झालं. नात झोपली की दिवा लावायचा, ती उठायच्या आत वायर पुन्हा टायमरमध्ये. वर काचेवर माझी शाल, शेजारी गरम पाण्याची पिशवी.

काही दिवसांतच त्याने खाणं टाकलं. दिवसा, लख्ख दिव्याखाली, हा डोळे मिटून पडलेला. दाढी कोळशासारखी. नात त्याच्या नाकापुढे रातकिडा धरायची, तो तोंड फिरवायचा. ती भोपळ्याचा कीस बोटावर घेऊन बसून राहायची आणि शाळेच्या तासाला कॅमेरा बंद ठेवायची. शाळेतल्या बाईंनी लेकीला मेसेज केला. लेकीने मला. मी म्हटलं, थंडीमुळे असेल, आणि त्या रात्री पिशवीत पाणी जास्त गरम भरलं. उपाय चुकतोय असं एकदाही मनात आलं नाही. उपाय कमी पडतोय, असंच वाटत होतं.

एका दुपारी लेकीने फोनवर विचारलं, "आई, रात्री तू जागी असतेस का? ड्राइव्हवेवर उजेड दिसतो."

मी म्हटलं, "जप करते."

इतक्या सफाईने म्हटलं की तिला ते खरंच वाटलं, आणि ती हळूच म्हणाली, माझ्यासाठी करतेस ना. मी हो म्हटलं. आयुष्यात मी थापा पुष्कळ मारल्या, त्यातल्या काही तर फारच सुबक होत्या, पण ही एक अशी होती की फोन ठेवल्यावर मी देवापुढे जायचं टाळलं.

शेवटी लेकीने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंशी व्हिडिओवर वेळ ठरवली. त्या वेळी दवाखान्यात सहजासहजी जाता येत नव्हतं. नातीने सरड्याला कॅमेऱ्यापुढे धरलं, मी तिच्या मागे उभी. डॉक्टरीणबाई गोड होत्या, दर वाक्याला नो वरीज म्हणत होत्या. त्यांनी विचारलं, दिवसा तापमान किती? नातीने सांगितलं. काय खातो, शी कशी होते, तेही सांगितलं. मग रात्रीच्या उजेडाचा विषय निघाला. नात ठामपणे म्हणाली की सातला सगळं ऑफ होतं, टायमर आहे. बाई म्हणाल्या, टीव्ही, राउटरचे दिवे, रस्त्यावरचा उजेड, काहीही? याच्या डोक्यावर मधोमध एक ठिपका असतो, त्याला तिसरा डोळा म्हणा हवं तर. डोळे मिटले तरी त्याला उजेड कळतो. हा हिवाळ्यात कमी खातो, जास्त झोपतो, ते वेगळं. पण हा झोपलाच नसल्यासारखा दिसतोय. मग म्हणाल्या, उद्या घेऊनच या, रक्त तपासू, नळीने भरवावं लागेल. आणि सांभाळून शब्द वापरत नातीला म्हणाल्या की अशा वेळी काही सरडे वाचत नाहीत.

नातीने मान हलवली. तिची पाठ माझ्या पोटाला टेकलेली होती आणि ती थरथरत होती.

माझं इंग्रजी बँकेच्या काउंटरपुरतं. पण त्या दिवशी तोंडातून निघालं, नाइट टाइम, आय पुट लाइट. एव्हरी नाइट. आणि पुढचं सगळं मराठीत ओतलं: वांगं, शाल, पिशवी, बाळंतिणीची खोली. नातीने ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द, न अडखळता, माझ्याकडे न बघता. बाई म्हणाल्या, हे कळलं ते बरं झालं, आधी त्याला झोपू द्या. उजेड नको, पिशवी नको, शाल नको. खोली अठराच्या खाली जायला लागली तरच उजेड न देणारा हीटर लावा. काही दिवस थांबून बघू.

लेकीला नातीनेच फोन करून सांगितलं. जपाबद्दल लेकीने तेव्हाही विचारलं नाही आणि आजवर विचारलेलं नाही. ओरडली असती तर मी उलटून काही बोलले असते, मला ते जमतं.

नातीने राउटरच्या मिणमिणत्या दिव्यांवर चिकटपट्टी लावली, खिडकीला काळी चादर अडकवली, टायमर तपासला आणि मला न विचारता माझी शाल माझ्या पलंगावर नेऊन ठेवली. जेवताना फक्त मीठ मागितलं.

आता माझी खरी परीक्षा सुरू झाली. काही करायचं असतं तर केलं असतं, रात्रभर उभी राहिले असते. इथे काहीच करायचं नव्हतं. मी अंधारात पेटीपाशी खुर्ची टाकून बसायची. हीटिंग चालू झालं की घुर्र आवाज यायचा, बंद झालं की घर इतकं शांत व्हायचं की मला वाटायचं, गेला. हात आपोआप पेटीच्या दाराकडे जायचा. मी तो मांडीखाली दाबून धरायची. एवढी थोरली बाई स्वतःच्याच हातावर बसलेली. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. लेकीची टेस्ट यायची होती, पुण्याहून रोज कुणाची तरी बातमी येत होती, आणि मी त्या सगळ्याची भीती त्या हातभर जिवावर ठेवून बसले होते.

पहिल्या काही रात्रींनंतर काहीच फरक दिसला नाही. दाढी काळीच. नात रोज सकाळी पेटीपुढे गुडघ्यांवर बसायची आणि मी स्वयंपाकघरातून तिच्या पाठीकडे बघत राहायची. चहा उतू जायचा.

मग एका सकाळी ती हाक न मारता नुसतीच आली आणि माझ्या गाऊनची बाही धरून मला ओढत नेलं. तो आपण होऊन दिव्याखालच्या दगडावर चढून बसला होता. दाढी राखाडी झाली होती, काळेपणा पार गेला नव्हता. तिने चिमट्यात रातकिडा धरला. त्याने बघितलं. बराच वेळ नुसतंच बघितलं. मग जीभ बाहेर आली, कुडुम असा आवाज झाला, आणि रातकिड्याचा एक पाय त्याच्या ओठाशी लटकत राहिला. मला त्या पायाइतकं सुंदर काही दिसलेलं नाही, असं लिहिताना माझ्या शाकाहारी पूर्वजांची मी क्षमा मागते.

नातीने दुसरा रातकिडा मला भरवायला दिला. मी चिमटा पुढे केला, तर तिने माझा हात खालून धरला. त्या दिवशी तिने शाळेचा कॅमेरा चालू केला.

रात्री तिला पांघरूण घालायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. वाटलं, झोपली. दिवा मालवला तशी ती वळली. मी रोज अंधारात खुर्चीवर बसते, ते तिने दाराच्या फटीतून पाहिलं होतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आजी, तू ट्रबलमध्ये नाहीयेस. पण परत रात्री भीती वाटली ना, तर लाइट नको लावू. मला उठव."